फळा आणि आकाश

मराठी माणसाने आकाशाविषयी काय लिहिले, असा प्रश्न कोणी केला तर दोन नावे प्रथम पुढे येतात : शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि जयंत विष्णु नारळीकर. ह्या दोघांमध्ये काळाचे अंतर सुमारे एका शतकाचे. आणि वाङ्मयेतिहासाने त्यांची सोय परस्परांपासून लांब अशा दोन कप्प्यांत लावून दिलेली. दीक्षित ‘संशोधना’च्या कप्प्यात गेले, नारळीकर ‘विज्ञानकथे’च्या. एकदा कप्प्यात गेलेला कागद सहसा बाहेर येत नाही, हे कार्यालयांत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. आमचे म्हणणे इतकेच की, हे दोन लेखक एकाच फायलीत लावून वाचावयास हवेत. एकाजवळ जे उणे आहे ते दुसऱ्याजवळ आहे, आणि ती उणीव मूळची कोठून आली हे दोघांस शेजारी ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही.

नारळीकरांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ २०१२ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले व २०१४ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ह्या ग्रंथाकडे ग्रंथ म्हणून पाहण्याचे काम मृत्युलेखांत होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नसते. चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांतील पहिले नगर महाराष्ट्राबाहेरचे आहे, म्हणून आमच्या वाचकांस हा ग्रंथ इतरांहून अधिक जवळचा वाटावा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ साली केंब्रिजहून परतून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले, आणि पुढे १९६० साली राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारून अजमेरला गेले. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. मुलाची शाळा हिंदी माध्यमाची. घर तेवढे मराठी.

ह्या एका गोष्टीने नारळीकरांच्या गद्याचा उलगडा होतो, असे आम्हांस वाटते. त्यांच्या मराठीत म्हणींचा खणखणाट नाही, शालेय निबंधातील अलंकार नाहीत, पुण्या-मुंबईच्या लेखकास सहज सुचणारे नाट्यगीतांचे संदर्भ तर फारच थोडे. काही टीकाकारांस ही भाषा कोरडी वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ही शाळेत घोटून घेतलेली मराठी नसून जेवणाच्या पाटावर ऐकलेली मराठी आहे. जे सांगावयाचे ते घरच्या माणसास समजेल अशा वाक्यात सांगून ती पुढे जाते. परप्रांतात मुले वाढविणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हीच मराठी बोलली जाते. ती वाङ्मयास अपुरी पडते, ही समजूत ह्या ग्रंथाने खोटी ठरविली.

वाराणसीचा भाग हा ग्रंथाचा सर्वांत सरस भाग होय. त्यातही त्या घरातील फळे. मुलांना हवे ते लिहिता यावे म्हणून वडिलांनी घरात फळे करून घेतले होते. एम्. एस्‌सी.च्या अभ्यासासाठी राहावयास आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांतील एका फळ्यावर भाच्याला आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत. उत्तर मामा सांगत नसत. गणित सुटेपर्यंत ते फळ्यावर तसेच राहावयाचे. मुलगा जाता-येता ते पाहतो, शाळेतून येऊन पाहतो, झोपण्यापूर्वी पाहतो. शिक्षणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु न सुटलेला प्रश्न घरातल्या माणसांबरोबर एकाच छपराखाली कसा नांदतो, हे इतक्या साधेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल. विश्वविद्यालयातील शास्त्रशिक्षण म्हणजे काय, ह्याचे मर्म ह्या एका हकीकतीत आहे. पुढे १९५७ साली काशीस बी. एस्‌सी., केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस, रँगलर ही पदवी, फ्रेड हॉइल ह्यांच्या हाताखाली १९६३ साली पीएच. डी. ह्या सर्व गोष्टी त्या फळ्यावरूनच ओघाने आल्या असे वाचकास वाटत राहते, आणि हे लेखकाचे यश आहे.

केंब्रिजमधील एक प्रसंग विशेष आहे. विश्व सर्वकाळ जवळजवळ सारखेच दिसते, ते प्रसरण पावते तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते, ही स्थिर-स्थितीची उपपत्ती बाँडी, गोल्ड आणि हॉइल ह्यांनी १९४८ साली मांडली होती. १९६१ सालच्या फेब्रुवारीत मार्टिन राइल ह्यांनी आकाशातील रेडिओ-स्रोतांच्या गणनेवरून ती उपपत्ती चुकीची ठरते असे जाहीर केले. त्यावर रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर देण्याचे काम हॉइल ह्यांच्या ह्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर येऊन पडले. साहेब गावाला गेलेले असताना वरून आलेल्या चौकशीस उत्तर देण्याची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांना त्या तरुणाची अवस्था समजावयास पदार्थविज्ञानाची गरज नाही. नारळीकर तो प्रसंग आवाज न चढविता सांगतात. स्वतःच्या धैर्याचे कौतुक नाही, प्रतिपक्षाविषयी कडवटपणाही नाही. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन ह्यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण प्रसिद्ध केल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉइल व बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी त्या जुन्या उपपत्तीस नवे रूप दिले. अल्पमतात राहून आयुष्यभर काम करणाऱ्या माणसाचे मराठीत लिहिलेले हे चरित्र आहे, आणि ह्या बाजूने त्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेली नाही.

मुंबईचा भाग वाचनीय आहे, एवढे म्हणून पुढे जाण्यास हरकत नाही. पुण्याच्या भागाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १९८८ साली विश्वविद्यालय अनुदान आयोगाने ‘आयुका’ ही संस्था स्थापन केली व नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. हे कार्य मोठे, ह्यात शंका नाही. परंतु मोठ्या कार्याची हकीकत वाङ्मयदृष्ट्या मोठी होतेच असे नाही. जागा, मंजुरी, समित्या, नेमणुका, पाहुण्यांच्या भेटी हे सर्व वाचीत असता आम्हांस राहून राहून आपल्याच टेबलावरील टिपणीची आठवण झाली. फरक एवढाच की ह्या टिपणीत लबाडी नाही. वाराणसीच्या भागात एका फळ्याने जे साधले ते येथे पानेच्या पाने भरूनही साधत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्याचे नाव उभ्या महाराष्ट्रात आकाशाशी जोडले गेले, ज्याच्या एका लोकप्रिय ग्रंथाचे नावच ‘आकाशाशी जडले नाते’ असे आहे, त्याच्या आत्मचरित्रात प्रत्यक्ष रात्रीच्या आकाशास मिळालेली जागा फळ्याच्या मानाने फार थोडी आहे. ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नारळीकर उपपत्ती मांडणारे शास्त्रज्ञ. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे कागद. पियानोची रचना समजून घेणाऱ्यास तो वाजविता आलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरू नये. तरीही वाचक म्हणून एक उणेपणा जाणवतो, आणि तो लेखकाच्या पदरी बांधण्यापूर्वी त्याचे मूळ पाहणे न्यायाचे ठरेल. आमच्या मते ते मूळ पदार्थविज्ञान ज्या रीतीने आपल्याकडे शिकविले जाते त्या रीतीत आहे.

आम्ही स्वतः पदवीसाठी पदार्थविज्ञानच घेतले होते. पुढे परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या कारकुनीत आलो ही गोष्ट निराळी. वर्णपटमापकावर सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेषा अलग करून दाखविणे, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम, हा त्या अभ्यासक्रमातील एक नावाजलेला प्रयोग. त्यासाठी खोलीस काळे पडदे लावलेले असत. ह्याच दोन रेषा सूर्याच्या वर्णपटात काळ्या होऊन दिसतात, फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास त्या पाहून त्यांस ‘डी’ हे अक्षर दिले, आणि सूर्यावर सोडियम आहे हे आपणांस त्यांवरून कळते, हे सर्व पाठ्यपुस्तकात होते. सूर्य पडद्यापलीकडे होता. तीन वर्षांत तो पडदा बाजूस सारून यंत्राचे तोंड एकदा खिडकीकडे वळवावे असे त्या महाविद्यालयात कोणास सुचले नाही, आणि रात्री विद्यार्थ्यांस गच्चीवर नेऊन हा अमुक तारा तांबडा का आणि तो निळसर का असे विचारणे तर अभ्यासक्रमाबाहेरचे. ताऱ्याच्या तापमानाचे सूत्र आम्हांस येत होते. काक्षी आणि राजन्य ह्यांतील रंगांचा फरक पाहून ते सूत्र ज्याला आठवते, असा पदवीधर आमच्या वर्गात निघाला असता की नाही, ह्याचा आम्हांस संशय आहे.

येथे दीक्षितांकडे वळले पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली कोकणात मुरूड येथे जन्मले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांजपाशी नव्हती. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून त्यांनी शिक्षकी केली. धुळे, पुणे अशा बदल्या त्यांच्याही वाट्यास आल्या. १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या ग्रंथाने त्यांचे नाव अजरामर केले. त्याच वर्षी मद्रासकडील सनदी नोकरीतून निवृत्त झालेले रॉबर्ट सेवेल ह्यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, १८९८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी दीक्षित वारले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चे इंग्रजी भाषांतर सरकारच्या हवामान खात्याने १९६९ व १९८१ साली दोन भागांत काढले, हे आमच्या वाचकांपैकी त्या खात्यात असणाऱ्यांस कदाचित ठाऊक असेल.

परंतु येथे आमच्यापुढे आहे ते त्यांचे १८९२ सालचे धाकटे पुस्तक, ‘ज्योतिर्विलास’. त्याचे उपनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. हे उपनाव वरवर पाहता करमणुकीचे आमिष वाटते. पण हिशेब करून पाहावा. घटका चोवीस मिनिटांची, दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढ्या अवधीत आकाश बारा अंश फिरते. हात लांब करून मूठ वळली तर ती सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे दोन घटका एका जागी बसणाऱ्यास तारे मुठीहून थोडे अधिक सरकलेले दिसतात. आकाश फिरते हे पुस्तकात न वाचता डोळ्यांनी कळण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ दीक्षितांनी वाचकापाशी मागितला आहे. हा योगायोग असेल. तथापि पंचांगाच्या गणितात ज्याची हयात गेली त्याने ‘दोन घटका’ हे शब्द निव्वळ बोलण्याच्या ओघात घातले असतील, असे मानावयास आमचे मन घेत नाही.

दीक्षितांच्या लेखनाची ताकद कशात आहे ते त्यांच्या कृत्तिकांवरील विवेचनात दिसते. शतपथ ब्राह्मणात असे म्हटले आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. कित्येक पिढ्यांच्या पंडितांनी हे वाक्य वाचले, त्याचा अर्थ लावला, आणि ते पुढे गेले. दीक्षितांनी त्यात एक निरीक्षण पाहिले. कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवतात म्हणजे त्या विषुववृत्तावर आहेत. आज त्या तेथे नाहीत. अयनचलनाने त्या तेथून इतक्या दूर येण्यास किती काळ लागला असेल? उत्तर आले, ख्रिस्तपूर्व सुमारे तीन हजार वर्षे. ह्या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. ते वाक्य काटेकोर वेधाचे मानावे की नाही ह्याविषयी पंडितांत आजही एकमत नाही. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हांस महत्त्व वाटते ते पद्धतीचे. ज्याने कृत्तिका उगवताना स्वतः कधी पाहिल्या नाहीत, त्यास त्या वाक्यात काही विचारण्यासारखे आहे हे सुचलेच नसते. आज कृत्तिकांची उत्तर क्रांती चोवीस अंशांच्या आसपास आहे. कार्तिकात सूर्यास्ताच्या सुमारास त्या उगवू लागतात तेव्हा दिल्लीच्या क्षितिजावर त्या नेमक्या पूर्वेपासून सुमारे अठ्ठावीस अंश उत्तरेकडे दिसतात, पुण्यास पंचवीस-सव्वीस अंश. होकायंत्र व मुठीचे माप एवढ्या साधनांवर आमच्या वाचकांस हे पडताळून पाहता येईल, आणि पाच हजार वर्षांचे अंतर किती मुठींचे असते हे कळेल.

दीक्षितांचीही एक मर्यादा आहे. त्यांचा तारा स्थान सांगतो, काळ सांगतो, दिशा सांगतो. तो कशाचा बनलेला आहे आणि का जळतो ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि त्या काळी कोणाजवळच पुरते नव्हते. ते उत्तर विश्वविद्यालयातील पदार्थविज्ञानानेच दिले. त्याचा एक महत्त्वाचा दुवा आपल्याच देशातील. कलकत्त्याच्या विश्वविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे मेघनाद साहा ह्यांनी १९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वायूचे अणू कोणत्या तापमानास व दाबास विद्युद्भारित होतात ह्याचे समीकरण प्रसिद्ध केले. ताऱ्यांचे वर्णपट इतके भिन्न दिसतात ते मुख्यतः त्यांची द्रव्ये भिन्न म्हणून नव्हे, तापमाने भिन्न म्हणून, हे त्यावरून उमगले. आणि पाच वर्षांनी त्याच समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन ह्यांनी तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत हे दाखविले. आता वाङ्मयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, साहांना ह्या विषयाची गोडी लागली ती अॅग्नेस क्लार्क ह्या आयरिश बाईंची सूर्य व तारे ह्यांवरील सुबोध पुस्तके वाचून. क्लार्कबाई कोणत्याही विश्वविद्यालयात शिकलेल्या नव्हत्या. ज्योतिषाचे घरी बसून वाचन करावे आणि ते सामान्य वाचकासाठी चांगल्या गद्यात उतरावे, हा त्यांचा उद्योग.

‘लोकप्रिय विज्ञान’ हा शब्द आपल्या टीकावाङ्मयात थोड्याशा तुच्छतेने वापरला जातो, म्हणून ही हकीकत सविस्तर दिली. पदवी नसलेल्या एका स्त्रीचे वर्णनात्मक गद्य समुद्र ओलांडून कलकत्त्यास येते, आणि तेथे एका पदवीधराच्या डोक्यात त्याचे समीकरण होते. गच्चीवरून फळ्याकडे जाणारी वाट ती हीच. ‘ज्योतिर्विलास’ वाचून कोणी मराठी तरुण त्या वाटेने गेला असता तर ते स्वाभाविकच झाले असते. उलट वाट, फळ्यावरून गच्चीकडे येणारी, बांधण्याचे काम नारळीकरांच्या हातचे होते, आणि त्यांनी ते कथांतून करून पाहिले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठविली आणि तिला बक्षीस मिळाले. टोपणनावाची आद्याक्षरे म्हणजे त्यांचीच आद्याक्षरे उलटी. कथांचे ऋण मराठीवर मोठे आहे. पण कथेतले आकाश हे यानाच्या खिडकीतून दिसणारे आकाश. ते आपल्या घरावर नसते.

उलटी वाट बांधता येते, आणि ती अवघड नाही, हे एका उदाहरणाने दाखवितो. रात्र काळी का असते? १८२३ साली जर्मन वैद्य व ज्योतिषी हाइन्रिख ओल्बर्स ह्याने ह्या प्रश्नाची चर्चा केली. त्याचे नाव प्रश्नास चिकटले. विश्व अमर्याद असेल, अनादि असेल आणि तारे सर्वत्र सारखे पसरलेले असतील तर, अंतर दुप्पट झाले म्हणजे ताऱ्याचा प्रकाश चतुर्थांश होतो हे खरे, परंतु तितक्या अंतरावरील ताऱ्यांची संख्या चौपट होते. बेरीज कमी होत नाही. जिकडे दृष्टी टाकावी तिकडे शेवटी तारा लागलाच पाहिजे आणि सारे आकाश सूर्याच्या बिंबासारखे तळपले पाहिजे. ते तसे नाही. महास्फोटवादी म्हणतात, विश्वास वय आहे, दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अद्याप पोचलेला नाही. स्थिर-स्थितीवाद्यांस हे उत्तर बंद, कारण त्यांचे विश्व अनादि. त्यांना प्रसरणाने प्रकाश क्षीण होतो ह्यावर विसंबावे लागते. म्हणजे १९६१ साली लंडनच्या सभेत ज्या दोन पक्षांचा सामना झाला, त्या दोघांनाही ज्यास उत्तर देणे भाग आहे असा एक पुरावा आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर रोज रात्री उपलब्ध असतो. तो पाहण्यास रेडिओ-दुर्बीण लागत नाही. काळोख दिसला म्हणजे पुरे. ज्या ग्रंथात त्या सभेची हकीकत इतक्या चांगल्या रीतीने आली आहे त्यात तीच रात्र एकदा गच्चीवरून दाखविली गेली असती, तर तो ग्रंथ आज आहे त्याहून मोठा झाला असता, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

ही अपेक्षा नारळीकरांपाशी करता येते, कारण सामान्य माणसाच्या प्रश्नाविषयी त्यांना खराखुरा आदर होता. स्वाक्षरी मागावयास येणाऱ्या मुलांस ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर शास्त्रातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी देईन, असे सांगत, आणि देत. पत्रव्यवहाराचा निपटारा हा ज्यांचा धंदा आहे त्यांस ह्या व्रताची किंमत कळेल. मामांनी फळ्यावर गणित लिहावे, त्याची फेड भाच्याने पोस्टकार्डावर करावी, अशी ही परंपरा.

राजधानीतील वाचकांस जंतरमंतर म्हटले की मोर्चे आठवतात. १७२४ साली सवाई जयसिंहाने ती वेधशाळा बांधली आणि काचेच्या भिंगावाचून वेध घेण्याची ती दगडी साधने आजही उभी आहेत, हे फलक वाचूनच कळावयाचे. आकाशाशी आपला संबंध आता बहुधा कागदावरचा उरला आहे. भारताच्या राजपत्रावर शकाची तारीख छापलेली असते; ती आमच्या हाताखालून रोज जाते. त्याच मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली अहवाल दिला, त्यानुसार २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ही गणना सरकारने स्वीकारली. ताऱ्याच्या वातावरणातील अणूंचा हिशेब मांडणारा माणूस उतारवयात तिथी, संक्रांती आणि ऋतू ह्यांच्या हिशेबास बसला, ही त्याच्या बुद्धीची उतरण होय असे काही जण मानतात. दीक्षितांचा ग्रंथ ज्याने वाचला आहे त्यास तसे वाटणार नाही.

‘ज्योतिर्विलासा’ची नवी, टीपांसह आवृत्ती कोणी काढावयास घेतली, तर आमची एक सूचना आहे. दीक्षितांचा वाचक अठरा-एकोणीस अक्षांशांवर बसलेला. आमचे वाचक श्रीनगरापासून चेन्नईपर्यंत पसरलेले. ध्रुव पुण्याहून साडेअठरा अंश उंच दिसतो, दिल्लीहून साडेअठ्ठावीस, चेन्नईहून जेमतेम तेरा. अगस्तीचे उलट. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नवाच्या सुमारास तो दक्षिणेस सर्वांत उंच येतो तेव्हा पुण्यास एकोणीस अंशांवर असतो आणि कोणाच्याही नजरेस पडतो. चेन्नईस चोवीस अंशांवर. दिल्लीस तो नऊ अंशांहूनही कमी, म्हणजे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड. श्रीनगरास तीन अंश, तेव्हा डोंगरच आड येतात. बदलीच्या गावी आकाश तेच राहते अशी समजूत असते. ते दहा-पंधरा अंशांनी कललेले असते, आणि किती कलले हे आपल्या गावच्या ताऱ्यांवरूनच ओळखू येते. प्रत्येक ताऱ्याच्या वर्णनाखाली निरनिराळ्या अक्षांशांवरून तो कसा दिसेल ह्याची एक ओळ, आणि त्याच्याखाली त्याचे तापमान व वर्णपट ह्यांची दुसरी ओळ, एवढे केले तरी पुष्कळ होईल. दुसऱ्या ओळीसाठी कोणा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकास विचारावे लागेल. पहिली आमच्या वाचकांपैकी कोणीही त्या त्या गावाहून लिहून पाठवू शकेल. दिल्लीची टाकीची नोंद आम्ही वर दिलीच आहे.